विषय: जन्मदाखल्यावरील आईचे नाव आणि अपील

सर्व सभासदांस नमस्कार.

मुलाचा ब्रिटनचा व्हिसा नाकारला गेला असून अपिलाच्या २८ दिवसांपैकी ९ संपले आहेत. जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव आहे, पासपोर्टवर सासरचे, आणि नोंद जन्मानंतर सहा वर्षांनी झाल्यामुळे दाखला ‘विश्वासार्ह नाही’ असे अधिकाऱ्यांनी लिहिले आहे. बाळंतपण माहेरी झाले, नोंद मामांनी केली. सासरच्या नावाचा नवा दाखला काढून जोडावा का?

---

कृपया नवा दाखला काढू नका. मागच्या प्रकरणातही मी हेच कळवळून सांगितले होते. दोन दाखले समोर आले की पहिल्यावरचा संशय दुणावतो. सरकारपक्षाने दाखला बनावट म्हटला असता, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची होती. ‘विश्वासार्ह नाही’ म्हटले की ब्रिटनच्या इमिग्रेशन अपील न्यायाधिकरणाच्या २००२ च्या तन्वीर अहमद निकालानुसार तो भरवशाचा आहे हे आपण दाखवायचे असते, आणि न्यायाधिकरण तो सुटा न पाहता सगळ्या पुराव्यासोबत तोलते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. त्या आदेशाची प्रमाणित प्रत आधी मिळवा. दोन नावांची सांगड विवाह नोंदणीच्या दाखल्याने आणि मामांच्या प्रतिज्ञापत्राने बसेल.

---

इतकी कागदपत्रे जमवण्यापेक्षा डीएनए चाचणी करावी. आमच्या भाचीच्या अपिलात अहवाल जोडल्यावर नात्याचा वाद उरलाच नाही.

---

वरील सूचनेत थोडी भर घालते. चाचणी ऐच्छिक आहे. ती सक्तीने मागितली गेल्याबद्दल ब्रिटनचे तेव्हाचे गृहमंत्री साजिद जाविद यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये संसदेत माफी मागितली होती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आई-मुलाचे नाते निर्विवाद करील, हे मला मान्य आहे. परंतु त्यातून वय ठरत नाही, आणि दाखल्यावरच संशय असेल तर जन्मतारीखही संशयात येते. मुलगा अठराच्या आतला आहे हे दाखवण्यासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्यावा, कारण ती नोंद व्हिसाचा विचारही नसताना झालेली असते.

---

मनःपूर्वक आभार. नवा दाखला काढत नाही. आदेशाच्या प्रतीसाठी मामा उद्याच अर्ज करीत आहेत, चाचणीची वेळही घेतो. मामांना इंग्रजी येत नाही. प्रतिज्ञापत्र मराठीत चालेल का?

---

चालेल. ज्या भाषेत त्यांना नीट सांगता येते त्याच भाषेत लिहावे आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. नोंद उशिरा का झाली, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत अवश्य लिहावे.