मदत हवी आहे: घरी ऑनलाइन पोकरसाठी कॉम्प्युटर आणि मॉनिटर

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात, ठाण्यात राहते. रात्री जेवणं उरकली की तासभर पोकर खेळते. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यामुळे फक्त फुकटच्या चिप्सवर, पण मन लावून. डाव मांडून नंतर हातांचा हिशेब करणं मला मनापासून आवडतं.

अडचण जुन्या 15 इंची लॅपटॉपची. एकाच वेळी खेळायला पोकरची चार टेबलं, म्हणजे चार खिडक्या, उघडली की एकमेकांवर चढतात. परवा चौकटची अठ्ठी मला बदामची वाटली, फ्लश (एकाच प्रकारचे पाच पत्ते) झाला समजून सगळ्या चिप्स लावल्या आणि गेल्या! चार रंगांचे पत्ते, म्हणजे प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग, निवडून पाहिले. थोडा फरक पडला, पण आकडेच बारीक दिसतात.

24 इंची फुल एचडीवर चार टेबलं मांडली तर प्रत्येकाला 960 बाय 540 पिक्सेल मिळतात, 27 इंची 2560 बाय 1440 वर 1280 बाय 720. म्हणून मन 27 कडे झुकतंय. पण माझं टेबल जेमतेम दोन फूट खोल आहे. इतक्या जवळून मान दुखते का? की 24 चे दोन बरे?

कॉम्प्युटरला 16 जीबी रॅम आणि एसएसडी घेईन. ग्राफिक्स कार्डची गरज नाही असं माझं मत, दुकानदार मात्र गळ्यात मारायला बघतोय. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, तर राउटरसकट चालेल असा यूपीएस किती व्हीएचा (क्षमतेचा) घ्यावा?

बजेट सगळं मिळून 55,000. लॅमिंग्टन रोडला जायची तयारी आहे. कोणी तिथून अलीकडे कॉम्प्युटर जोडून घेतलाय का?