पुढची नंबर प्लेट सैल झालीये, बंपरची भोकं मोठी झालीत. पक्की कशी बसवायची?

खाडीकाठ:
गाडी २०१५ची हॅचबॅक, बंपर प्लास्टिकचा. एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) जुन्या पाटीच्याच भोकांत दोन स्नॅप लॉकवर (तोडल्याशिवाय न निघणारे खिळे) बसवली होती. आता डावं भोक मोठं झालंय, लॉक जागेवरच फिरतं आणि खड्ड्यात पाटी खडखडते. पाटी आणि लॉक दोन्ही शाबूत आहेत. मागून हात जात नाही, आत फोम आणि बीम आहे. जाडा स्क्रू पिळून भागेल का? की डबल टेप लावू? पावसाळ्याआधी उरकायचंय.

पाना_दहा:
जाडा स्क्रू नको. बंपरचं प्लास्टिक जेमतेम ३ मिमी असतं, त्यात स्क्रूचे दीड-दोन आटे धरतात. रोजच्या थरथरीने तेही झिजतात आणि भोक आणखी मोठं होतं.

मुळात पाटी जड नाही. ५०० बाय १२० मिमीचा १ मिमी जाड ॲल्युमिनियम पत्रा, म्हणजे १६० ग्रॅमच्या आसपास. त्रास होतो तो बंपरच्या गोलाईमुळे. सपाट पाटी मधोमध टेकते, टोकं अधांतरी राहतात आणि फडफडतात. ती सगळी फडफड दोन भोकांवर येते.

म्हणून पाटी थेट बंपरवर न लावता मध्ये ब्रॅकेट घ्या. तुमच्या मॉडेलचा कंपनीचा मिळाला तर उत्तम, त्याची पाठ बंपरच्या गोलाईला जुळते. बाजारातली सपाट फ्रेम घेतलीत तर दोन्ही टोकांना मागून रबराचे तुकडे चिकटवून फट भरा. फ्रेमची कड अक्षरांवर, होलोग्रामवर किंवा लेझर नंबरवर येता कामा नये.

ब्रॅकेट बंपरला चार ठिकाणी धरा. हात जात नसेल तिथे वेलनट वापरा. रबराच्या नळीत पितळी नट बसवलेला असतो, बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूने फुगून धरतं. बाइकच्या विंडशील्डला हेच असतात, त्यामुळे बाइकच्या स्पेअरच्या दुकानात विचारा. एम ६ (६ मिमी बोल्टचे) घ्या, बोल्ट स्टेनलेसचे.

भोकं जुन्यांपासून १५-२० मिमी सरकवून नवी पाडा, जुनी रबरी ग्रोमेटने (बुचाने) बुजवा. आधी मास्किंग टेप, मग ३ मिमीचं पायलट भोक, मग वेलनटच्या बाहेरच्या मापाचं. ड्रिल हळू चालवा, वेगाने प्लास्टिक वितळून कड वाकडी होते. बिटावर १० मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे आत जास्त घुसणार नाही. काही गाड्यांत मागे लगेच हॉर्न, वायरिंग किंवा एसीचा कंडेन्सर असतो. वेलनटला आत १५-२० मिमी मोकळी जागा लागते, तेवढा फोम भोकातूनच कोरून काढता येतो.

आवळताना रबर फुगून बोल्ट घट्ट लागला की थांबा. जास्त पिळलात तर प्लास्टिक दबतं आणि महिन्याभरात पुन्हा सैल. लिक्विड थ्रेडलॉक (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) अजिबात नको, बऱ्याच फ्रेम एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि त्याने त्यांना बारीक तडे जातात.

कोकण_हायवे:
वरच्याशी सहमत, फक्त खालची कड विसरू नका. वाऱ्याचं फार काही नाही. ताशी १०० किमीला समोरून पडणारा दाब तीनेक किलोच्या आसपास, तोही पाटीला बंपरवरच दाबतो. पाणी वेगळं. साचलेल्या पाण्यातून १० किमीने गेलात तरी बुडालेल्या पाटीवर वीस किलोच्या वर भार येतो. खालची कड सुटी असेल तर पाणी मागे शिरून पाटी वर उचलतं. जोरदार पाऊस ओसरला की रस्त्यावर पाट्या सापडतात त्या अशाच. खाली बंद कड असलेला ब्रॅकेट घ्या. चारपैकी दोन बोल्ट खालच्या बाजूला हवेतच.

खाडीकाठ:
छान, ब्रॅकेट बघतो. टेपचं मात्र राहिलं. भोकं न पाडता नुसत्या टेपवर ब्रॅकेट राहील का?

पाना_दहा:
रंगवलेल्या गुळगुळीत बंपरवर चांगली ॲक्रिलिक फोम टेप धरते. काळ्या, खरखरीत, न रंगवलेल्या प्लास्टिकवर धरत नाही, ते बहुतेक पॉलिप्रॉपिलिन असतं आणि प्रायमरशिवाय त्याला साधी टेप नीट चिकटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून लावा, पूर्ण पकड यायला ७२ तास द्या, तोवर गाडी धुवू नका. तरीही टेप बोल्टच्या जोडीला, एकटी नको. गोलाईवर ताणून लावलेली टेप उन्हात टोकाकडून सुटत येते.

आरटीओ_फेरी:
एक क्रमाची गोष्ट. स्नॅप लॉक एकदाच बसतं, काढायचं म्हणजे तोडायचंच, आणि नवं अधिकृत सेंटरवरच घ्यायचं. घरी त्या जागी साधे नट-बोल्ट लावू नका. ब्रॅकेटचे बोल्ट मात्र तुम्ही आपले लावू शकता, त्यावर पाटी सेंटरने लॉक करायची.

म्हणून आधी फोन करून विचारा, तीच पाटी परत बसवायला सुटी लॉक आहेत का. असतील तर ब्रॅकेट, वेलनट, ड्रिल घेऊनच जा आणि सगळं तिथेच उरका, म्हणजे बिनपाटीची गाडी रस्त्यावर काढावी लागणार नाही. ब्रॅकेटवर लॉकची भोकं पाटीच्या भोकांशी आधीच जुळवून ठेवा. ब्रॅकेटचे बोल्ट पाटीखाली झाकले जातात, तेव्हा त्यांची डोकी चपटी हवीत, नाहीतर पाटी तिथे फुगते.

बसवून झाल्यावर पाटीची खालची कड दोन बोटांनी पुढे ओढून बघा. लॉक हललं तर तिथेच सांगा, घरी आल्यावर काही करता येत नाही.