पेंचच्या बफरमधल्या गावात चालतं कोणाचं? ग्रामपंचायतीचं की वनखात्याचं?

मानेवाडेकर
नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, मानेवाड्याला, पण सातबारा रामटेक तालुक्यातला, देवलापारकडचा. गाव पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात येतं. आई तिथंच असते, इकडं आणलं की चार दिवसांत "मला घरी सोड" सुरू होतं.

यंदा कापणी आठ दिवसांवर असताना रानडुकरांनी दीड एकर धान लोळवला. खाल्ला कमी, तुडवलाच जास्त. ग्रामपंचायतीत गेलो. "जंगलाचं आपल्याकडं नाही." जंगलाच्या ऑफिसात गेलो. "साहेब दौऱ्यावर." पुढच्या आठवड्यात साहेब स्वतःच गावात आले, पण जंगलखात्याच्या गाव-समितीच्या पैशातून सभामंडप बांधायचं ठरवायला. गावात दोन सभामंडप आहेत, एकात कुत्री झोपतात.

मनसरच्या पुढं हायवेवर जनावरांसाठी पूल बांधलेत, त्यातला एक पाऊण किलोमीटर लांब. त्याच्याखालून वाघ गेल्याचे व्हिडिओ पाहून मलाही बरं वाटतं. पण आमच्या धुऱ्यावर साधी तार नाही. विचारायचं एवढंच, की हा समितीचा पैसा येतो कुठून, आणि तो कुठं लावायचा हे ठरवतं कोण?

निवृत्त_बाबू
तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या जमिनी एकत्र झाल्यात, त्या आधी सोडवू. राष्ट्रीय उद्यान, म्हणजे १९७५ साली जाहीर झालेला २५७ चौरस किलोमीटरचा गाभा, तिथं ग्रामपंचायतीचं काही चालत नाही. गुरं चारायचीसुद्धा बंदी. तोतलाडोहचं पाणी आपण नागपुरात नळाला पितो, पण त्यात जाळं टाकलं तर गुन्हा.

१९९९ ला व्याघ्र प्रकल्प झाला आणि बफर नंतर जोडला गेला. तुमचं गाव त्यात. तिथला रस्ता, पाणी, घरकुल आजही ग्रामपंचायतीचंच आहे. "आपल्याकडं नाही" हे अर्धंच उत्तर झालं.

पैशाचं म्हणाल तर २००६ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात ३८-एक्स कलम आलं. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला एक प्रतिष्ठान. पर्यटकांचं गेटचं शुल्क त्यात जमा होतं आणि काही वाटा गावातल्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडं येतो. शिवाय २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेचाही निधी आहे. गॅस, सौर कुंपण वगैरे त्यातलंच. समितीचा सचिव खात्याचा माणूस असतो, त्यामुळं कागद त्याच्या हातचा. बांधकामाचा कागद करायला सोपा असतो. मी हे सत्तावीस वर्षं टेबलामागून पाहिलंय.

आणि नुकसानीचा अर्ज दिला का? तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो. तोंडी सांगितलं ते सांगितलं नाही असंच धरा.

सिल्लारीवाला
भाऊ, मी गेटवर गाइड आहो. बाबूजी बरोबर सांगून राहिले, पण कागदाच्या पुढचं मी सांगतो. आमच्या गावात बी पहिल्या साली पेव्हर ब्लॉक आले. कोणाले पाहिजे होते? कोणालेच नाही. ग्रामसभेत बाया आल्याच नव्हत्या, रजिस्टरवर सह्या मात्र होत्या.

दुसऱ्या साली माझी मावशी उठली अन् म्हणे, "तूर डुक्कर खाऊन राह्यला, अन् तुम्ही फरशी कायले बसवता?" सगळे हासले. पण ठराव बदलला ना बा. तीस-पस्तीस शेतकऱ्यांचं एकत्र सौर कुंपण झालं. एकट्याच्या धुऱ्याले लावू नका, डुक्कर शेजारच्या वावरातून येते. अन् तारेखालचं गवत कापत राहा. आमच्या दोन बॅटऱ्या त्याच्यानंच बसल्या, गवत तारेले लागून करंट जमिनीत जाऊन राह्यला होता.

टायगर_फॅन_४४
एवढा त्रास असेल तर गाव हलवा ना, जंगल वाघासाठीच असतं.

निवृत्त_बाबू
गाव हलवणं हा गाभ्यातला विषय, आणि तिथंही ग्रामसभेच्या संमतीशिवाय होत नाही. बफरची हद्द ठरवतानासुद्धा ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, असं कायदाच म्हणतो. वाघाला आडवं कोणी येत नाहीये, डुकराबद्दल चाललंय.

मानेवाडेकर
बाबूजी, अर्ज दिला नव्हता. ऑफिसात तासभर बसून परत आलो आणि तेच दिलं असं समजलो. यंदाचं गेलं म्हणायचं.

आईला फोन केला. ती म्हणते, सभामंडपाच्या ठरावावर तिचा अंगठा आधीच घेऊन गेलेत, घरी येऊन. पण ग्रामसभा अजून व्हायची आहे, सोमवारी अकराला. सुट्टी टाकतोय. सिल्लारीवाले दादा, तुमच्या मावशीला एक दिवस आमच्या गावाला पाठवता का? गाडीचं पेट्रोल माझं.

सिल्लारीवाला
मावशी येते म्हणते. पण जेवण वांग्याच्या भाजीचं पाहिजे म्हणे, हॉटेलातलं नाही.