गुडघ्यामुळे बिघडलेली कंबर

माजी सैनिक काकांची आता कंबरही दुखते, तर तिच्यासाठीही अपंगत्व पेन्शन मागावी का, या प्रश्नावर कुणीतरी दिलेलं 'कंबर वयामुळे गेली, अर्ज कशाला' हे मत पटलं नाही. दादा, काकांचा गुडघा सेवेतच जायबंदी झाला आणि त्याची अपंगत्व पेन्शन चालू आहे, म्हणजे मूळ मुद्दा मान्य झालेलाच आहे. ऑर्थोपेडिककडून नुसतं 'स्पाँडिलोसिस' (मणक्याची झीज) लिहून आणू नका. लंगडत चालून भार दुसऱ्या बाजूला गेला नि त्यातून कंबर बिघडली, हा संबंध स्पष्ट लिहून घ्या. चपलेची एकच टाच झिजत असेल तर तीही दाखवा! मग रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) फेरतपासणी मागा. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, एजंटला पैसे कशाला? नाकारलं तर अपील, पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल (भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं) जवानाच्या बाजूने आहे, पण निवृत्तीनंतरच्या त्रासाला तो आपोआप लागू होईल असं धरून चालू नका; सेवेतल्या पाठदुखीच्या नोंदी शोधा.