मदत हवी आहे: घाटात इंजिन खडखडतंय, 95 ऑक्टेन भरू का?

नारोशंकर_घंटा: 2021 ची हॅचबॅक, 1.2 लिटर, टर्बो नाही, 46,000 किमी. कसारा घाट चढताना चौथ्या गियरमध्ये 1,500 आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तिसरा टाकला की बंद. ॲव्हरेजही 18 चं 17 झालंय. पंपावर म्हणतात, प्रीमियम (95 ऑक्टेनचं) टाका, पिकअप वाढेल. लिटरमागे आठेक रुपये जास्त मोजावेत का?

टॅपेट_कव्हर: आधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू किंवा मॅन्युअल बघा. तिथे 91 लिहिलं असेल तर 95 ने पिकअप वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ठिणगी पडून ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप पेटू नये, एवढाच त्याचा उपयोग. तुमचा आवाज त्याच अवेळी पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा. कमी आरपीएमवर जास्त लोड दिला की तो येऊ शकतो. घाटात तिसऱ्यावर 2,500 च्या आसपास चढवा.

आणखी एक. पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्येच सांगितलंय की 20 टक्के इथेनॉलवालं साधं पेट्रोल 95 ऑक्टेनचं आहे. म्हणजे ऑक्टेनसाठी वेगळे पैसे कशाला?

पांडवलेणी_पायऱ्या: ॲव्हरेजचं दुखणं वेगळं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांशाने कमी. 20 टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ऊर्जा गेली. 18 चं 17 त्यात बसतं, ऑक्टेन वाढवून ते भरून येणार नाही.

हिशेबच करा. साधं 105 आणि प्रीमियम 113 धरलं तर पैसे वसूल व्हायला 17 चं ॲव्हरेज 18.3 वर जायला हवं. विना टर्बो इंजिनात ते विसरा.

चौथा_पिस्टन: सरसकट नको म्हणू नका. टर्बो गाडीच्या झाकणावर 95 शिफारस आणि किमान 91 असेल, तर 91 वर नॉकिंग ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावरून इंजिनचा कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन बिघडत नाही, पण उन्हाळ्यात भरल्या गाडीने चढताना जोर कमी वाटतो. तिथे 95 चा फरक पडतो, मग ते 95 साध्या पेट्रोलातून मिळो की प्रीमियममधून.

आणि अमेरिकन व्हिडिओतले आकडे इथे लावू नका. त्यांचं 87 दोन चाचण्यांची सरासरी असते, आपल्या मोजणीत ते साधारण 91-92 भरतं.

नारोशंकर_घंटा: झाकणावर 91 आहे. तिसऱ्यावर चढवेन, पण सपाटीवरही कधी आवाज आला तर?

टॅपेट_कव्हर: मग पेट्रोल सोडून इंजिनात शोधा. प्लग काढा. त्यावरचा कोड मॅन्युअलशी जुळवा, चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा) प्लग तापून स्वतःच मिश्रण पेटवतो. इन्सुलेटरवर, म्हणजे प्लगच्या टोकाच्या चिनीमातीच्या भागावर, पांढरे फोड दिसले तर इंजिन जास्त तापतंय, कूलंटची पातळी आणि फॅन तपासा. काळी कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा. पिस्टनवर कार्बन साचला असेल तर दाब वाढून नॉकिंग होतं, तो बोअरस्कोपने, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, दिसतो.

हे करण्याआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी चालवा, पण आकडे शेजारच्याने बघायचे. आवाज येताना इग्निशन टायमिंग झटकन मागे जात असेल तर बहुधा नॉकिंगच. टायमिंग जागचं हललंच नाही तर हीट शील्ड (एक्झॉस्टवरचा उष्णता अडवणारा पत्रा) सैल आहे का, हाताने हलवून बघा, इंजिन गार असताना. तोही आवाज असाच येतो, आणि तो एका क्लॅम्पने जातो.