कमोडवर पोट साफच होत नाही, काय करू?

गावाकडं भारतीय संडासात दोन मिनिटांत मोकळं व्हायचं, पुण्यात फ्लॅटमध्ये कमोड आहे तर अर्धा तास मोबाईल बघत बसतो, कुंथतो, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. गोळ्या घ्यायच्या नाहीयेत.

कोकणातला: पायाखाली स्टूल घे, आंघोळीचा पाटही चालेल पण त्याच्याखाली काहीतरी लावून उंची वाढवावी लागते बघ, एकूण साधारण १५-२० सेंमी. गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांडीवर, थोडं पुढं वाक. गुदाशयाभोवती एक स्नायू फासासारखा असतो, उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते.

मावशी६२: आणि तो मोबाईल बाहेर ठेव आधी!! दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, कुंथून कुंथून मूळव्याध होते, मी भोगलंय. सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं तेव्हाच जा, कळ आली की दाबून ठेवू नको.

प्रश्नकर्ता: पाट नि खाली दोन जाड रद्दीचे गठ्ठे लावलेत, फरक आहे राव. इसबगोल घेऊ का?

कोकणातला: घे, पण ग्लासभर पाण्यासोबत, नाहीतर उलट अडकतं. रक्त दिसलं तर मात्र डॉक्टरच.