सायबोर्गला यंत्रमानव म्हणावं का?

अक्षरवेल्हाळ:
'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतल्या सायबरमेन या खलपात्रांचा उगम सांगणारी एक चित्रकथा आहे, 'द वर्ल्ड शेपर्स'. साल १९८७, कथा ग्रँट मॉरिसन, चित्रं जॉन रिजवे. हौसेपोटी ती मराठीत आणतेय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. पहिला सायबोर्ग, म्हणजे शरीरात यंत्रं बसवलेला माणूस. सरसकट 'यंत्रमानव' लिहिलं तर चालेल का? दुसरं म्हणजे ओळख करून देताना मी 'खलनायकांच्या वंशाची जन्मकथा' असं लिहिलंय. ते वाचताना खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही.

तळटीप:
यंत्रमानव नको. तो शब्द रोबोटसाठी पक्का बसलाय. रोबोट हा शब्द आला कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून. तो सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेतल्या 'रोबोता'चा अर्थ वेठबिगारी. (त्या नाटकातले रोबोट पत्र्याचे नाहीतच, कृत्रिम मांसाचे आहेत, पण आता कोण ऐकतो!)

सायबोर्ग १९६०चा. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या जोडगोळीनं 'सायबरनेटिक' आणि 'ऑर्गॅनिझम' हे दोन शब्द कापून जोडले. त्यांचं म्हणणं असं होतं की अंतराळात माणसाबरोबर पृथ्वीसारखं वातावरण वाहून नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच असे बदल करावेत की त्याला तिथे तगता येईल. म्हणजे इथे सुरुवात माणसापासून आहे. यंत्रमानवाची सुरुवात यंत्रापासून होते, 'मानव' त्याला नुसता आकारापुरता चिकटलेला. तुमची कथा उगमाची आहे. हाडामांसाचा जीव पहिल्या चौकटीपासून यंत्रमानव म्हणून वावरला, तर पुढे त्याचं गेलं काय?

उंटावरचा शहाणा:
तळटीपराव, सहमत. थोडं फाटे फोडतो. सायबरनेटिक्स, म्हणजे जीवांतल्या आणि यंत्रांतल्या नियंत्रणाचं शास्त्र, हे नाव नॉर्बर्ट वीनरनं १९४८मध्ये ग्रीक 'कुबेर्नेतेस'वरून घेतलं. अर्थ, सुकाणू धरणारा. आपल्याकडे त्याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे: कर्णधार. संस्कृतात कर्ण म्हणजे कान, तसंच सुकाणूही. क्रिकेटमुळे आपण ते विसरलो. त्या हिशेबानं सायबोर्ग झाला 'कर्णदेही'! वाचणाऱ्याला सर्वांगाला कान फुटलेला प्राणी दिसेल हे मान्य. पण 'डॉक्टर हू'च्या २००६च्या भागांत लोकांना कानात घालायच्या यंत्रांतूनच ताब्यात घेतात, तिथे हा शब्द खपूनही गेला असता.

असो. सायबोर्गच ठेवा. पुल्लिंगी, अकारान्त, चालवायला सोपा: सायबोर्गानं, सायबोर्गांचा. 'यंत्रदेही' कुणी सुचवेल, तर तो विशेषण म्हणून एखाद्या ठिकाणी वापरा, नाम म्हणून नको.

तळटीप:
नामापेक्षा क्रियापद सांभाळा, असं माझं मत आहे. नुसतं 'बदलले' लिहून मराठीत भागत नाही. कुणी, कुणासाठी, कशा रीतीनं बदललं, ते सहायक क्रियापद सांगून टाकतं.

सायबरमेन पहिल्यांदा दिसले मालिकेतल्या १९६६च्या 'द टेन्थ प्लॅनेट' या कथेत. जनक दोघे, किट पेडलर आणि जेरी डेव्हिस. पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक. त्यात मोंडास ग्रहावरच्या लोकांचं आयुर्मान घटत चाललेलं असतं, म्हणून त्यांचे शास्त्रज्ञ शरीराला सुटे भाग तयार करतात. एकेक करत जवळजवळ सगळंच शरीर नवं होतं. पुढे भावनाही दुबळेपणा ठरवून काढल्या जातात. या लोकांनी स्वतःला बदलून घेतलं. शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये १९५८ साली बसवला गेला आणि पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण झालं डिसेंबर १९६७मध्ये. या दोहोंच्या मधली ही कथा. पेसमेकरबद्दल आपण आजही 'बसवून घेतला' असंच म्हणतो ना? 'घेणे'त पेशंटची राजीखुशी आहे. मोंडासची भीती मला तरी त्या राजीखुशीत दिसते.

२००६मध्ये तेच लोकांना धरून आणून केलं जातं. ते बदलून टाकलं. 'टाकणे'त माघार नाही आणि समोरच्याला विचारणंही नाही. वर त्याला गोंडस नाव अपग्रेड. (हा शब्द मात्र मराठीत आणू नका. 'फोन अपग्रेड केला' म्हणणाऱ्या वाचकाला तो आहे तसाच टोचायला हवा.)

तुमच्या चित्रकथेत तिसरीच तऱ्हा. मरिनस ग्रहावरचे वूर्द तिथे सायबरमेन होतात, आणि काळ भरधाव पुढे ढकलणारं एक यंत्र त्यांची उत्क्रांती उरकून टाकतं. तिथे बदलत गेले. आपण कधी बदललो हे त्यांचं त्यांनाही कळू नये. ही तीन क्रियापदं एकमेकांत मिसळलीत तर उगमाची कथाच बदलेल.

अक्षरवेल्हाळ:
वा! मी एका पानावर 'बदलून टाकले' लिहून बसले होते, तिथे आता 'बदलत गेले' करते. पण वंशाचं काय?

उंटावरचा शहाणा:
ताई, वंश जन्मानं चालतो. 'जात'सुद्धा जन्मातूनच आलेला शब्द. सायबरमेन कुणाच्या पोटी जन्माला येत नाहीत, त्यांची भरती होते. म्हणून 'जमात' बरा. मुळातला अरबी अर्थच जमलेला समुदाय. आणि 'खलनायका'त नायक लपलाय. एखाद्या कथेत एक, फार तर दोन खलनायक. अख्खी प्रजा खलनायक कशी असेल? ती खल असेल, वैरी असेल.

तळटीप:
जमात शब्दाला माझी हरकत आहे. तो वाचला की डोळ्यांपुढे खरी, जिवंत माणसं येतात, आणि शेजारी 'खल' आला की ते फारच वाईट दिसतं. ओळखीत 'सायबरमेन कुठून आले त्याची गोष्ट' एवढंच लिहा. वंशही नको, जमातही नको.

अक्षरवेल्हाळ:
हे पटलं. शेवटचा प्रश्न, लिंगाचा. १९६६च्या सायबरमेनचे चेहरे कापडात गुंडाळलेले होते, पण हात माणसांचे, उघडे. त्यांना नावंही होती, क्रेल, टॅलन वगैरे. तिथे 'तो' शोभतो. पुढे हात झाकले गेले, नावंही गेली. मग मराठीत 'तो उठला'चं 'ते उठलं' कधी करायचं? अंगावर काटा आणायला 'ते' चांगलं वाटतंय.

उंटावरचा शहाणा:
जपून. इंग्रजीतलं 'इट' माणूसपण काढून घेतं. आपलं नपुंसकलिंग तेवढं निर्दय नाही. लेकरू, पोर, पाडस, सगळी 'ते'च. 'ते बिचारं एकटंच उभं होतं' म्हटलंत की वाचक सायबरमॅनला जेवू घालायला निघेल. शिवाय 'ते उठले' लिहिलंत तर आदरार्थी! एका मात्रेनं राक्षसाचे आजोबा होतात.

तळटीप:
हा हा! पण त्यातूनच वाट निघते. निवेदनाच्या चौकटीत 'ते' ठेवा, थंड वाक्यात, बिचारं-बापडं अशी विशेषणं टाळून. जे पात्र त्याला आधीपासून ओळखतं त्याच्या फुग्यात मात्र शेवटपर्यंत 'तो'. दोन्ही एकाच चित्रात आले की वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

अक्षरवेल्हाळ:
करून बघते. जागाही वाचतेय. आणि अनेकवचन? 'सायबरमेननी' की 'सायबरमॅनांनी'?

तळटीप:
'सायबरमेननी'. दुसरं रूप नियमात बसेल, पण मोठ्यानं म्हणून बघा.